पिल्लांच्या खाद्यात अमिनो आम्ले: ऑक्सिडीकरणाच्या ताणावर उपाय करताना पाळायचा क्रम

आईपासून नुकतेच वेगळे केलेले वराहाचे पिल्लू पहिला दिवसभर बहुधा काही खात नाही. ते गव्हाणीपाशी येते, खाद्य हुंगते आणि परत इतर पिल्लांत जाऊन अंग चोरून पडून राहते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हगवण लागते आणि आठवड्याच्या शेवटी वजन केले तर ते जागच्या जागी असते, कधी कधी घटलेलेही असते. दूध तोडलेले वासरू, लांबच्या प्रवासातून आलेले करडू, उबवणगृहातून उशिरा पोहोचलेले कोंबडीचे पिल्लू यांच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच घडते. अशा वेळी नवखा पशुपालक अमिनो आम्लांची भुकटी आणतो आणि पाण्यातून किंवा खाद्यातून देऊ लागतो. भुकटी वाईट नसते. पण कोणती, किती, केव्हा आणि कशानंतर द्यायची हे ठरवलेले नसेल, तर जास्तीचे अमिनो आम्ल शरीरात साठत नाही; त्यातले नत्र लघवीवाटे बाहेर टाकले जाते आणि ते काम करताना पिल्लाची ऊर्जाही खर्च होते.

म्हणून हा लेख क्रमाविषयी आहे. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांचे घटक; ते शरीराच्या दुरुस्तीचे सामान आहे, औषध नव्हे. आधी नुकसान कशाने होते आहे ते शोधून थांबवावे, मग मूळ खाद्य पुरेसे आहे का ते पाहावे, आणि त्यानंतर जे अमिनो आम्ल खरोखर कमी पडते आहे तेवढेच भरून काढावे. हा क्रम उलटा झाला की पैसा आणि पिल्लू दोन्ही हातचे जातात.

आधी हे समजून घ्यावे

प्रत्येक पेशी प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातून ऊर्जा मिळवते. हे काम पेशीतील तंतुकणिकांमध्ये चालते आणि ते चालू असताना प्राणवायूचा थोडा भाग सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशा अतिक्रियाशील रूपांत निसटतो. जंतूंना मारण्यासाठी पांढऱ्या पेशी तर अशी रसायने मुद्दाम तयार करतात. थोड्या प्रमाणात ती शरीराला हवीच असतात. त्यांची निर्मिती निवारणाच्या क्षमतेपेक्षा वाढली की मात्र ती पेशीच्या आवरणातील स्निग्ध घटकांवर, प्रथिनांवर आणि डीएनएवर आघात करू लागतात. या असमतोलाला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. बोलताना आपण सगळे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हाच शब्द वापरतो.

शरीराची निवारण व्यवस्था अनेक पदरी आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते; कॅटलेज आणि ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज ही विकरे त्याचे पुढे पाणी करतात. पहिल्याला तांबे व जस्त किंवा मँगनीज लागते, दुसऱ्याला लोह आणि तिसऱ्याला सेलेनियम. पेशीच्या आवरणात ई जीवनसत्त्व पहारा देते. आणि या सगळ्याच्या मध्यभागी ग्लुटाथिओन नावाचा लहानसा रेणू असतो, जो ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन या तीन अमिनो आम्लांपासून पेशी स्वतः बनवते. या तिघांपैकी सहसा तुटवडा पडतो तो सिस्टीनचा. शरीर मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून सिस्टीन तयार करू शकते, मात्र सिस्टीनपासून पुन्हा मेथिओनिन तयार करू शकत नाही. या रूपांतराला बी-६ जीवनसत्त्व लागते. अमिनो आम्लांचा आणि ऑक्सिडीकरणाच्या ताणाचा सर्वांत थेट संबंध इथे आहे. सेलेनियम कमी असेल तर ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज मंदावते, आणि मग मेथिओनिन कितीही ओतले तरी ती कसर भरून निघत नाही.

लहान वयात ही व्यवस्था तोकडी का पडते, याची कारणे साधी आहेत. गर्भातील कमी प्राणवायूतून पिल्लू एकदम मोकळ्या हवेत येते. वारेतून ई जीवनसत्त्व फारच थोडे पोहोचत असल्याने वासरू, कोकरू आणि वराहाचे पिल्लू जन्मतः त्या बाबतीत जवळजवळ रिकामे असते आणि चिकावर अवलंबून असते. शिवाय वाढ इतक्या वेगाने चालू असते की आलेले बहुतेक अमिनो आम्ल स्नायू व आतडे बांधण्यात खर्च होते आणि संरक्षणासाठी थोडेच शिल्लक राहते. कोकराच्या बाबतीत आणखी एक वाटेकरी असतो: लोकर. लोकरीच्या प्रथिनात सिस्टीन भरपूर असते, त्यामुळे गंधकयुक्त अमिनो आम्लांवर (मेथिओनिन व सिस्टीन) तिचाही हक्क पडतो.

पायरी पहिली: ताण कोणत्या दिवशी येतो ते लिहून काढावे

एका वहीत प्रत्येक गटाची जन्मतारीख, दूध तोडण्याची तारीख, लसीकरण, जागा बदलल्याचा दिवस आणि खाद्य बदलल्याचा दिवस लिहावा. त्याच पानावर पातळ विष्ठा, मरतूक आणि उरलेले खाद्य यांची रोजची नोंद करावी. दोन-तीन गटांच्या नोंदी झाल्या की त्रास कुठल्या घटनेच्या मागोमाग येतो ते डोळ्यांना दिसू लागते. व्यावसायिक वराहपालनात दूध बहुधा २१ ते २८ दिवसांच्या वयात तोडले जाते आणि त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत लहान आतड्यातील अन्न शोषणारे सूक्ष्म उंचवटे आखूड होतात. हा काळ जवळपास प्रत्येक कळपात दिसतो. पण एखाद्या ठिकाणी खरा त्रास त्याआधीच, जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सुरू झालेला असतो, आणि तो नोंदींशिवाय कळत नाही.

पायरी दुसरी: नुकसान करणारे कारण दूर करावे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे मला मनापासून वाटते, कारण इथे केलेले काम कोणत्याही भुकटीपेक्षा जास्त फळ देते.

सुरुवात खाद्याच्या वासापासून करावी. पोते उघडल्यावर मूठभर खाद्य किंवा कोंडा तळहातावर घ्यावा, दुसऱ्या तळव्याने जोरात चोळून थोडा गरम करावा आणि लगेच हुंगावा. ताज्या कोंड्याला धान्याचा गोडसर वास येतो. तेल खवट झालेले असेल तर जुन्या रंगासारखा, नाकात टोचणारा वास येतो. खवट तेलात पेरॉक्साइडे आधीच तयार झालेली असतात. ती खाद्यातील ई जीवनसत्त्व पोत्यातच संपवतात आणि पिल्लाच्या आतड्यावर ताण टाकतात. असे खाद्य टाकून द्यावे. त्यात ऑक्सिडीकरणरोधक मिसळून ते पुन्हा चांगले होत नाही. तो पदार्थ ताज्या तेलाला वाचवतो, बिघडलेल्याला सुधारत नाही.

दुसरा शत्रू बुरशीचे विष. साठवलेल्या धान्याचा ओलावा १३ टक्क्यांच्या खाली ठेवावा आणि गाठी झालेले, काळपट किंवा कुबट वासाचे धान्य पिल्लांच्या खाद्यात अजिबात वापरू नये. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा निचरा करताना यकृत ग्लुटाथिओनच वापरते. म्हणजे बुरशीचे खाद्य आणि मेथिओनिनची भुकटी एकाच वेळी देणारा माणूस एका हाताने भरतो आणि दुसऱ्या हाताने उपसतो.

वासरू, कोकरू, करडू यांच्या बाबतीत चीक ही सर्वांत पहिली गुंतवणूक आहे. वासराला जन्मानंतर शक्यतो २ तासांच्या आत पहिला चीक मिळावा आणि पहिल्याच पाजण्यात त्याच्या वजनाच्या सुमारे १० टक्के चीक पोटात जावा. चिकातील रोगप्रतिकारक प्रथिने अखंड शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक कमी होत जाते आणि सुमारे २४ तासांत संपते. चिकाचा दर्जा ब्रिक्स (द्रवात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) मोजणाऱ्या साध्या उपकरणावर पाहता येतो. २२ टक्के किंवा त्याहून जास्त वाचन आले तर तो चांगला समजतात. रोगप्रतिकारक प्रथिनांबरोबर ई जीवनसत्त्व, अ जीवनसत्त्व आणि सेलेनियमही याच वाटेने येतात.

कोंबडीच्या पिल्लांसाठी उष्णता आणि पहिला घास महत्त्वाचा. पहिल्या दिवशी पिल्लांच्या उंचीवर सुमारे ३२ ते ३४ अंश सेल्सिअस तापमान असावे. पिल्ले दिव्याखाली एकावर एक चढत असतील तर थंडी आहे. कडेला पसरून, पंख सैल सोडून धापत असतील तर उष्णता जास्त आहे. दोन्हींत ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो. चोवीस तासांनी वीस-तीस पिल्ले हातात घेऊन मानेच्या बुडाशी असलेली अन्नाची पिशवी बोटांच्या टोकांनी हलकेच चाचपावी. ती मऊ, भिजल्या कणकेसारखी लागली तर पिल्लाने खाल्लेही आहे आणि पाणीही प्यायले आहे. कडक, दाणेदार लागली तर पाणी मिळालेले नाही. रिकामी लागली तर त्या पिल्लाने काहीच घेतलेले नाही, आणि ज्याने काहीच घेतलेले नाही त्याला खाद्यातील अमिनो आम्ल पोहोचणार कसे? या तपासणीला पाच मिनिटे लागतात.

वराहाच्या पिल्लांना पहिल्या काही दिवसांत साधारण २०० मिलिग्रॅम लोह टोचण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि ती आवश्यकही आहे, कारण मादीच्या दुधात लोह फार कमी असते. परंतु मोकळे लोह हायड्रोजन पेरॉक्साइडपासून अत्यंत घातक, अतिक्रियाशील कण (मूलके) तयार करते. गाभण काळात मादीला ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम पुरेसे मिळाले नसेल तर लोहाच्या टोचणीनंतर पिल्ले दगावू शकतात. त्यामुळे पिल्लांचा विचार मादीच्या खाद्यापासून सुरू करावा आणि मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी.

पायरी तिसरी: मूळ खाद्य पुरेसे आहे का ते पाहावे

खाद्यात ऊर्जा कमी असेल तर शरीर अमिनो आम्ले जाळून ऊर्जा मिळवते. म्हणून ऊर्जेचा हिशेब आधी करावा. त्यानंतर ई जीवनसत्त्व, सेलेनियम, जस्त, तांबे आणि मँगनीज पाहावे. यांच्या कमतरतेची जुनी, नावाजलेली लक्षणे आहेत: वासरा-कोकरांत स्नायू पांढरे पडून उभे राहता न येणे, वराहात हृदयाचा स्नायू खराब होऊन अचानक मृत्यू, कोंबडीच्या पिल्लांत मान वाकडी करून तोल जाणे किंवा कातडीखाली निळसर पाणी साठणे. अशी लक्षणे दिसत असतील तर तो अमिनो आम्लांचा प्रश्न नाही, पशुवैद्यकाला बोलवावे. सेलेनियमच्या बाबतीत विशेष जपावे. गरजेची आणि विषारी मात्रा यांत अंतर कमी असल्याने अनेक देशांत त्याच्या वापरावर कायद्याची मर्यादा आहे. अमेरिकेत पूरक सेलेनियमची मर्यादा खाद्याच्या किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आहे. खनिज मिश्रणात ते आधीच असेल तर वेगळे द्रावण देऊ नये.

सोयापेंडीकडेही बारकाईने पाहावे. कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक घटकांमुळे स्वादुपिंड जास्त पाचक रस सोडते, आणि त्या रसातून गंधकयुक्त अमिनो आम्ले विष्ठेवाटे वाया जातात. उलट पेंड जास्त भाजली गेली, गडद तपकिरी झाली, तर तिच्यातील लायसिन हे अमिनो आम्ल साखरेशी बांधले जाऊन निकामी होते. प्रयोगशाळेच्या अहवालात प्रथिनाचा आकडा मात्र दोन्ही वेळा चांगलाच दिसतो.

पायरी चौथी: कोणते अमिनो आम्ल कमी पडते आहे ते ठरवावे

अमिनो आम्लांचे गणित साखळीतल्या सर्वांत कमकुवत कडीसारखे आहे: जे सर्वांत अपुरे असेल तेच वाढीची मर्यादा ठरवते. मका आणि सोयापेंड यांवर आधारलेल्या खाद्यात कोंबडीच्या पिल्लासाठी पहिली मर्यादा मेथिओनिन घालते, तर वराहाच्या पिल्लासाठी लायसिन. त्यामुळे एकाच पोत्यातील भुकटी दोघांनाही सारखीच लागू पडेल असे समजणे चूक आहे.

मेथिओनिन हे या विषयातील मुख्य पात्र आहे. त्यापासून सिस्टीन, सिस्टीनपासून ग्लुटाथिओन आणि टॉरिन हा मार्ग वर आलाच आहे. त्याशिवाय प्रथिनांत गुंफलेले मेथिओनिन स्वतः ऑक्सिडीकृत होऊन इतर भागांना वाचवते आणि एका विकराच्या मदतीने पुन्हा मूळ रूपात येते. आजारपणाचा किंवा अस्वच्छतेचा भार असलेल्या कळपात मेथिओनिन व सिस्टीन यांची एकत्रित गरज लायसिनच्या तुलनेत वाढते, कारण ग्लुटाथिओन आणि संरक्षणाची प्रथिने बनवायला ती जास्त लागतात. पण याच मेथिओनिनचा अतिरेक इतर अमिनो आम्लांपेक्षा लवकर बाधतो: पिल्लू खाणे कमी करते, वाढ मंदावते आणि रक्तात होमोसिस्टीन वाढते, जे स्वतःच ताण वाढवणारे आहे. बी-१२ आणि फोलेट यांची कमतरता असेल तर ही अडचण आणखी तीव्र होते. म्हणून मेथिओनिनच्या बाबतीत थोडे जास्त घातले तर चालेल, हा विचार मनातून काढून टाकावा.

थ्रिओनिनचे काम वेगळे आहे. आतड्याच्या आतल्या बाजूला जो चिकट थर असतो, त्यातील प्रथिनात थ्रिओनिन भरपूर असते. दूध तोडल्यानंतर किंवा हगवणीत हा थर झिजतो व पुन्हा बांधावा लागतो, त्यामुळे त्याची गरज त्या दिवसांत वाढते. ट्रिप्टोफॅन भूक आणि स्वभाव यांच्याशी जोडलेल्या सेरोटोनिनचा कच्चा माल आहे, आणि दाह चालू असताना ते वेगाने खर्च होते. लायसिन थेट ऑक्सिडीकरणरोधक नाही. परंतु तेच कमी असेल तर बाकीची आम्ले वापरलीच जात नाहीत, म्हणून हिशेब तिथून सुरू करतात.

ग्लुटामिन हे आतड्याच्या पेशींचे आवडते इंधन आहे. दूध तोडलेल्या वराहाच्या पिल्लांवरील अनेक प्रयोगांत ते खाद्याच्या सुमारे १ टक्का प्रमाणात वापरलेले दिसते. द्रावणात आणि उष्णतेत ते हळूहळू मोडते, म्हणून ते पाण्यात कालवून ठेवू नये. ग्लायसिन ग्लुटाथिओनचा तिसरा भाग आहे. पक्ष्यांना ते विशेष लागते, कारण नत्र बाहेर टाकण्यासाठी तयार होणाऱ्या युरिक आम्लाच्या प्रत्येक रेणूमागे ग्लायसिनचा एक रेणू खर्च होतो. खाद्यातील एकूण प्रथिने कमी केल्यास कोंबडीच्या पिल्लांत ग्लायसिन आणि सेरिन यांची तूट अशीच लपून राहते. आर्जिनिन पक्षी स्वतः बनवू शकत नाहीत, आणि दूध पिणाऱ्या वराहाच्या पिल्लाला मादीच्या दुधातून ते गरजेपेक्षा कमी मिळते. मात्र कोंबडीच्या पिल्लांत लायसिन आणि आर्जिनिन एकमेकांशी झगडतात. लायसिन फार वाढवले तर आर्जिनिनची गरजही वाढते.

इथे एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. या विषयावरील अनेक प्रयोगांत पिल्लांना डायक्वाट नावाचे तणनाशक टोचून तीव्र ताण निर्माण केलेला असतो आणि मग एखादे अमिनो आम्ल देऊन फरक मोजलेला असतो. शरीरातील यंत्रणा समजून घ्यायला हे प्रयोग उपयोगी आहेत. पण गोठ्यातील ताण त्यापेक्षा सौम्य आणि अनेक कारणांनी मिळून आलेला असतो, त्यामुळे त्या प्रयोगातील मात्रा जशीच्या तशी उचलून वापरू नये.

वासरे, करडे आणि कोकरे: एक महत्त्वाचा फरक

दूध पिणाऱ्या वासराचे पहिले पोट अजून कामाला लागलेले नसते. दूध पिताना अन्ननलिकेची खाच मिटते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरते, त्यामुळे दुधातून दिलेले मेथिओनिन किंवा लायसिन आतड्यापर्यंत पोहोचते. दुधाच्या पर्यायी भुकटीत सोयाचे प्रथिन वापरलेले असेल तर ही दोन आम्ले कमी पडण्याची शक्यता जास्त असते, आणि ३ आठवड्यांखालील वासराला वनस्पतिज प्रथिने नीट पचतही नाहीत. दूध तुटून वासरू रवंथ करू लागले की चित्र पालटते. आता खाद्यात मिसळलेले साधे अमिनो आम्ल पहिल्या पोटातील सूक्ष्मजीव बरेचसे मोडून टाकतात, म्हणून त्या वयात आवरण दिलेली, म्हणजे पहिल्या पोटातून सुरक्षित पुढे जाणारी रूपे लागतात. हगवण लागलेल्या वासराला मात्र सर्वांत आधी क्षार आणि पाणी द्यावे. वासरांच्या क्षारमिश्रणात ग्लायसिन असते ते सोडियम शोषले जावे म्हणून, आणि तेवढेच त्या वेळी पुरेसे आहे.

पायरी पाचवी: कागदावर हिशेब करावा

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २०१२ च्या वराह-पोषण तक्त्यांनुसार ७ ते ११ किलो वजनाच्या पिल्लाच्या खाद्यात पचनीय (म्हणजे पचून शरीराला मिळणारे) लायसिन १.३५ टक्के लागते. समजा आपल्या खाद्यात ते १.११ टक्के आहे. तूट ०.२४ टक्के, म्हणजे १०० किलो खाद्यात २४० ग्रॅम लायसिन. बाजारातील लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये प्रत्यक्ष लायसिन सुमारे ७८ टक्के असते, म्हणून २४० ला ०.७८ ने भागले की ३०८ ग्रॅम भुकटी येते. नवखे लोक इथे हमखास चुकतात आणि २४० ग्रॅमच टाकतात.

आता मेथिओनिन व सिस्टीन. त्याच तक्त्यांत त्यांची एकत्रित गरज लायसिनच्या सुमारे ५५ टक्के येते. कळपावर आजाराचा भार असेल तर ६० टक्के धरणे योग्य. १.३५ चे ६० टक्के म्हणजे ०.८१. खाद्यात ०.६६ टक्के असेल तर तूट ०.१५ टक्के, म्हणजे १५० ग्रॅम, आणि डीएल-मेथिओनिन (बाजारात मिळणारे मेथिओनिन) ९९ टक्के शुद्ध असल्याने १५२ ग्रॅम. थ्रिओनिनची गरज ०.७९ आणि उपलब्धता ०.६८ असेल तर ११० ग्रॅम, शुद्धता ९८.५ टक्के धरून ११२ ग्रॅम. तिन्ही मिळून ५७२ ग्रॅम झाले. तेवढाच मक्याचा भरडा खाद्यातून वजा करावा.

मांसासाठी वाढवायच्या (ब्रॉयलर) कोंबडीच्या पिल्लांसाठी याच संस्थेच्या १९९४ च्या तक्त्यांत पहिल्या ३ आठवड्यांसाठी एकूण लायसिन १.१० टक्के, मेथिओनिन ०.५० टक्के आणि मेथिओनिन व सिस्टीन मिळून ०.९० टक्के दिलेले आहे. आजच्या वेगाने वाढणाऱ्या जातींची गरज याहून जास्त असते, म्हणून जातीच्या मार्गदर्शिकेतील आकडे धरावेत. एकूण आणि पचनीय हे दोन आकडे एकाच हिशेबात कधीही मिसळू नयेत.

अमिनो आम्ले नेमकी भरल्यामुळे सोयापेंड थोडी कमी करता येते, हा त्यांचा मोठा फायदा आहे. न पचलेले प्रथिन मोठ्या आतड्यात कुजते, त्यातून अमोनिया आणि अमाइन तयार होतात आणि पिल्लांना हगवण लागते. एकूण प्रथिन बेताचे ठेवून समतोल साधणे हा ताण कमी करण्याचा खराखुरा मार्ग आहे.

पायरी सहावी: नीट मिसळावे

अर्धा-पाऊण किलो भुकटी १०० किलो खाद्यात सरळ ओतली तर ती एका कोपऱ्यातच राहते. काट्यावर प्रत्येक भुकटी वेगळी मोजावी. स्वयंपाकघरातला मोठा काटा चालत नाही, एक ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा. मेथिओनिनचे पाकीट उघडताच उकडलेल्या कोबीसारखा गंधकाचा वास येतो, तो नैसर्गिक आहे, माल खराब असल्याचे ते लक्षण नाही. ती ५७२ ग्रॅम भुकटी आधी २ किलो बारीक भरड्यात हाताने एकजीव करावी, मग ते मिश्रण १० किलो खाद्यात, आणि शेवटी उरलेल्या सर्व खाद्यात. तोंडाला फडके किंवा मास्क बांधावा. लायसिनची भुकटी दमट हवेत ओलावा ओढून गठ्ठा होते, म्हणून पाकीट लगेच बंद करावे.

पाण्यातून देण्याचा मोह टाळावा. मेथिओनिन पाण्यात थोडेच आणि सावकाश विरघळते. न विरघळलेले तळाशी बसते आणि नळीत अडकते. शिवाय उन्हाच्या दिवसांत पिल्लू जास्त पाणी पिते, म्हणजे मात्राही आपोआप वाढते.

पायरी सातवी: उपयोग झाला का ते तपासावे

पिल्लांचे वजन करून दोन सारखे गट करावेत. एकाच मादीची पिल्ले दोन्ही गटांत वाटून जातील असे पाहावे. एका गटाला नवे खाद्य, दुसऱ्याला जुने. बाकी जागा, पाणी, ऊब सगळे सारखे. पहिल्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी वजन करावे, खाद्य रोज मोजावे, विष्ठेचा पातळपणा ठरावीक वेळी लिहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नव्या खाद्याच्या गटात खाणे कमी झाले किंवा गादी नेहमीपेक्षा ओली राहू लागली, तर मात्रा जास्त झाली आहे असे समजून हिशेब पुन्हा तपासावा.

प्रयोगशाळेत मॅलॉनडायअल्डिहाइड (स्निग्ध घटकांवरील आघातातून तयार होणारा पदार्थ), सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज अशा चाचण्या होतात. करायच्याच असतील तर दोन्ही गटांतील, एकाच वयाच्या पिल्लांचे रक्त एकाच दिवशी काढावे आणि नमुना थंड ठेवून लवकर पोहोचवावा. रक्ताचा द्रव गुलाबी दिसत असेल तर लाल पेशी फुटल्या आहेत. त्यांच्यात हीच विकरे ठासून भरलेली असल्याने असा नमुना खोटे आकडे देतो, तो टाकून द्यावा. एका पिल्लाच्या एका अहवालावरून कोणताही निर्णय घेऊ नये.

पिल्लू वाढेल तसा हिशेबही बदलावा लागतो. २०१२ च्या त्याच तक्त्यांत ५ ते ७ किलोच्या पिल्लाला पचनीय लायसिन १.५० टक्के, ७ ते ११ किलोला १.३५ टक्के आणि ११ ते २५ किलोला १.२३ टक्के दिलेले आहे. म्हणून चौदाव्या दिवसाच्या वजनाचा आकडा वहीत लिहिला की त्याच बैठकीत पुढच्या खाद्याची तूट नव्याने काढावी आणि जुन्या मात्रेचे उरलेले मिश्रण वेगळे, नाव व तारीख लिहून, लहान गटासाठी राखून ठेवावे.